मिलिग्रॅम यांची फेरपडताळणी

उपनियंत्रकपद मिळाले असते तर मिलिग्रॅम यांच्या पदरात काय काय पडणार होते, ते आधी मांडलेले बरे. तळमजल्यावर स्वतंत्र खोली. तिला आतून लागणारी कडी. दोन्ही बाजूंनी हात असलेली खुर्ची. दाराबाहेर एक बाक, आणि त्या बाकावर लोकांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार. हा अधिकार नियमात कुठे लिहिलेला नसला, तरी खोलीबरोबर आपोआप येतो. शिवाय साडू. साडू दुसऱ्या एका खात्यात उपनियंत्रक होऊन बसले होते आणि कुठल्याही घरगुती कार्यात 'आमच्या बाकावर परवा कोण बसलं होतं माहितीये?' असे विचारून बोलायला सुरुवात करीत. ते ऐकताना मिलिग्रॅम यांच्याकडे न बघण्याची बायको फार काळजी घेई. ती काळजी कायमची मिटणार होती. निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे संधी हीच आणि एवढीच.

मिलिग्रॅम हे अर्थातच खरे नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात ज्येष्ठ निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे, खरे असतील त्यांना शिशाची मोहर लावायची, खोटे असतील ते उचलून आणायचे, हे त्यांचे काम. सोनाराच्या काट्यावर माशी बसली, तर ती आपणहून उठून जाईपर्यंत ते वजनाची नोंद करीत नसत. माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, चेहऱ्यावर तर नव्हताच. पण मोहर दिसली की मन निवांत. त्या कार्यालयाची सगळी श्रद्धाच ती होती. मोहर लागलेला तराजू पुढच्या पडताळणीपर्यंत खरा. त्याच्यावर किलोभर बटाटे पाऊण किलो भरले, तर चूक बटाट्यांची.

पदाला दुसरा उमेदवार होता लिटर. तो द्रवपदार्थांच्या मापांचा निरीक्षक. अंगाने गोल, मनाने मोकळा. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले होते आणि तेव्हापासून एकमेकांना अरेतुरे करीत एकमेकांच्या चुका मनात जपून ठेवीत होते.

'जगाची मापे आपण तपासतो, आपली कोण तपासतं?' असा प्रश्न नियंत्रकसाहेबांना एका सकाळी चहा पिताना पडला आणि दुपारी त्याचे परिपत्रक निघाले. उपनियंत्रकपदाच्या उमेदवाराचे शरीर विहित मर्यादेत असणे आवश्यक ठरले. आरंभी चाचण्यांची यादी लांबलचक होती. साहेबांनी आदर्श घालून देण्यासाठी आधी स्वतःच्या करून घेतल्या. साखर मर्यादेबाहेर गेली, तेव्हा साखर ही व्यक्तिगत बाब असल्याचे त्यांच्या लक्षात आले. कोलेस्टेरॉल बाहेर गेले, तेव्हा त्याचा कार्यालयीन कामाशी थेट संबंध नसल्याचे आढळले. रक्तदाब तर साहेबांच्या मते मोजणाऱ्याच्या हातात होता. असे गाळता गाळता यादीत युरिक ॲसिड तेवढे उरले. साहेबांचे ते ५.१ होते. त्यामुळे युरिक ॲसिड हा कार्यक्षमतेचा एकमेव वस्तुनिष्ठ निकष ठरला.

सभागृहात शिबिर भरले. मिलिग्रॅम यांनी बाही वर केली आणि रक्त काढणाऱ्याला आधी विचारले, "तुमच्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झालीय?" तारीख ऐकून समाधान झाल्यावरच त्यांनी दंड पुढे केला. लिटर मात्र उशिरा आला. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, आणि चपलेतला अंगठा पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल, तुकतुकीत. सुई टोचली तेव्हा त्याने हूं की चूं केले नाही. पायाकडून त्याचे लक्षच हलत नव्हते.

दोन दिवसांनी साहेबांच्या दालनात दोघांचे रिपोर्ट उघडले. मिलिग्रॅम : ७.४. मर्यादा ३.५ ते ७.२. आकडा ठळक छापलेला आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. लिटर : ५.९. साधी छपाई, बाण नाही.

"एकक काय आहे बघा," साहेब चष्मा सावरत म्हणाले. "मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वरचा भाग तुमच्या शाखेचा, खालचा लिटर यांच्या शाखेचा. म्हणजे गडबड वरच्या भागात आहे."

शिबिराच्या डॉक्टरबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी दोघांच्या रिपोर्टकडे पाहिले, मग टेबलाखाली वाकून दोघांच्या पायांकडे पाहिले.

"साहेब, उलटं होतंय," त्या म्हणाल्या. "युरिक ॲसिड सगळ्यांच्याच रक्तात असतं. पेशी झिजतात, अन्न पचतं, त्यातून ते तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. जास्त साठलं तर कधीकधी सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक होतात आणि मग दुखतं. त्याला गाऊट म्हणतात. पण कधीकधी. आकडा थोडा वर असून जन्मभर काहीही न होणारे पुष्कळ असतात. यांना काही त्रास होतोय का?"

"काही नाही," मिलिग्रॅम म्हणाले.

"मग यांना आजारी म्हणायचं कारण नाही. पाणी नीट प्यावं, खाणंपिणं बघावं, काही दिवसांनी परत तपासावं. झालं. आणि हे," त्यांनी लिटरकडे बोट केले, "यांना आत्ता, या मिनिटाला, गाऊट झालेला दिसतोय."

"पण त्यांचं तर ५.९ आहे," साहेब म्हणाले.

"ऐन दुखण्यात काहींचा आकडा खाली येतो. म्हणून तर दुखणं ओसरल्यावर दोनतीन आठवड्यांनी परत बघायचं असतं. नुसत्या आकड्यावरून गाऊट ठरत नाही आणि नुसत्या आकड्यावरून तो नाकारताही येत नाही. माणूस बघावा लागतो."

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. "डॉक्टर, तराजू खरा की खोटा हे आम्ही दुकानदाराच्या कण्हण्यावरून ठरवायला लागलो, तर बाजार चालेल का?"

"हा तराजू नाहीये. हा पाय आहे."

"पायाचा रकाना नाही," साहेब म्हणाले आणि निर्णय झाला. लिटर निरोगी. मिलिग्रॅम रुग्ण. मात्र खात्याच्या रिवाजाप्रमाणे तक्रार असल्यास मुलाखतीच्या दिवशी सकाळी एक फेरपडताळणी. आणि एकाची फेरपडताळणी म्हणजे सर्वांची, कारण न्याय सर्वांना सारखा.

निर्णयाची अंमलबजावणी त्याच दुपारी सुरू झाली. मिलिग्रॅम यांच्या टेबलाखाली पाय ठेवायला एक पाट आला. जिन्याला त्यांना बंदी झाली. वर जायला मालाची लिफ्ट देण्यात आली, आणि तिच्यातून ते तपासणीला आलेल्या वजनांच्या खोक्यांसोबत उभे राहून येजा करू लागले. काळजीपोटी त्यांना वजने उचलण्यास मनाई झाली. वजनांच्या निरीक्षकाला वजन उचलायची मनाई झाल्यावर त्याच्याकडे काम म्हणून काय उरते? लोक येऊन हळू आवाजात 'कसं काय आता?' असे विचारू लागले. बरे आहे म्हटले, की ते एकमेकांकडे बघत. मनाने खंबीर आहेत बिचारे, असे जिन्यात बोलले जाई.

लिटरने रजा मागितली. साहेबांनी त्याला त्याचाच रिपोर्ट दाखवला. "नॉर्मल माणसाला आजारपणाची रजा देऊन मी वर काय उत्तर देऊ?" उलट प्रकृती ठणठणीत असल्याचे सिद्ध झाल्यामुळे लिटरला पेट्रोलपंपांच्या फिरत्या तपासणीवर पाठवले गेले. तो दाराची चौकट, भिंत, खिडकीचा गज आणि भेटेल त्याचा खांदा धरत गेला.

मिलिग्रॅम यांनी सरळ मार्ग धरायचे ठरवले आणि डॉक्टरबाईंना गाठले. आकडा खाली आणणारे औषध असते का? असते, पण तुम्हाला आज त्याची गरज नाही, असे त्या म्हणाल्या. तरीही मिलिग्रॅम यांनी कार्यालयाकडे लेखी विचारणा केली, आणि ती भलतीच अंगाशी आली. साहेबांचे उत्तर स्वच्छ होते. औषध घेऊन आकडा खाली आणणे म्हणजे मोहर लावलेल्या वजनाचा तळ खरवडणे. खात्याच्या कायद्यात त्याला छेडछाड म्हणतात आणि ती करणाऱ्याला जन्मात बढती नाही. पाणी पिण्याबाबत मात्र साहेबांनी लिहिले, की पाणी मिसळणे हा प्रकार भेसळीत मोडतो, भेसळीचे खाते वेगळे आहे, सबब या मुद्द्यावर हे कार्यालय मौन बाळगते.

कार्यालयाचे मौन म्हणजे नकार, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मिलिग्रॅम यांना पाठ होते. त्यांनी पाणी जवळजवळ बंद केले.

खाणेही बंद केले. पोटात काही गेलेच नाही तर ॲसिड कशाचे होईल, हा हिशेब सोनाराच्या काट्यावर घासून घेतल्यासारखा चोख होता. पहाटे ते पळायला जाऊ लागले. घामाने निथळत, ओठ सुकवून परत येत आणि कपभर कोऱ्या चहावर दिवस काढत.

"अहो, घोटभर पाणी तरी घ्या," बायको म्हणाली.

"त्या मुद्द्यावर ऑफिस गप्प आहे."

"मी गप्प नाहीये ना. घ्या."

"अगं, बढतीचा प्रश्न आहे."

"हो, पण बढती मिळायला माणूस उरायला नको का घरात?" ती म्हणाली. पण पेला त्यांच्यापुढे तसाच राहिला आणि संध्याकाळी तिनेच तो पिऊन टाकला.

आठवडाभराने त्यांनी गुपचूप एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. ८.३. बाण होताच. या वेळी तो जास्त उभट वाटला.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "कडक उपास, पाणी नाही, वर दमछाक. यानंच तर वाढतं ते. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं तर पाणी नको? तुम्ही होतात तसेच राहिला असतात, तर कदाचित आपसूक सातच्या खाली आला असतात."

"आता मुलाखतीपर्यंत काही होईल?"

"नीट जेवा, पाणी प्या आणि त्या आकड्याचा विचार सोडा."

"आणि तुम्ही म्हणाला होतात, की ऐन दुखण्यात तो आपोआप खाली येतो."

"काहींचा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग सावध होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या मनात जे आलंय ते मनातून काढून टाका."

मनात आलेली गोष्ट कायद्याच्या चौकटीत बसत असेल, तर ती काढून टाकायचे मिलिग्रॅम यांना कारण दिसेना. त्यांनी रात्रभर नियम आठवून पाहिले. औषध घेणे ही छेडछाड. पण आजारी पडणे? तराजू पडून आपोआप बिघडला, तर मालकावर गुन्हा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते लिटरच्या टेबलाशी गेले. लिटर नुकताच फिरतीवरून येऊन पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. सूज उतरणीला लागली होती. लाली जाऊन सालपट निघाले होते.

"कसा झाला रे तुला?" मिलिग्रॅम यांनी खुर्ची ओढून घेतली.

"काय, हे? झाला असाच."

"असाच कसा होईल? आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

"मेव्हण्याच्या मुलाचं लग्न होतं. मटण होतं, काळीज होतं. बिअर होती." लिटरने डोळे बारीक केले. "तू कधीपासून माझ्या ताटाची चौकशी करायला लागलास?"

"बिअर किती?"

"मी मापांचा निरीक्षक आहे, पण लग्नात मोजत नाही." मग लिटरला एकदम उमगले आणि तो हसायला लागला, हसता हसता पाय हलला आणि चेहरा वाकडा झाला. "अरे वेड्या. चादर टेकली तरी जीव जायचा माझा. तो पंख्याचा वारासुद्धा लागतो. खोलीसाठी हे मागून घेणार आहेस तू?"

"तुला काय जातंय बोलायला. तू नॉर्मल आहेस."

"हो," लिटर म्हणाला, "पंपावर लंगडत पोचलो, तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, साहेब काय झालं. मी म्हटलं, काही नाही, नॉर्मल आहे."

त्या दिवसापासून मिलिग्रॅम यांचे घर बदलले. जन्मभर सुपारीच्या खांडालाही न शिवलेला हा माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी येऊ लागला. पिशव्यांत काळीज, बाटल्या, टिनातले मासे. बिअरचा वास त्यांना आवडला नाही, पण कर्तव्य म्हणून ते पेला रिकामा करीत आणि मग सोफ्यावर पाय पसरून अंगठ्याकडे टक लावून बसत. अंगठा निर्विकार. दाबला तर साधा दाबल्यासारखा दुखे, तोही शिष्टाचारापुरता.

"अहो, लोक बरं व्हायला खटपट करतात," बायको म्हणाली. तिने बाटल्या मोजणे सोडून दिले होते.

"लोकांना बढती नको असते."

"मग त्या अंगठ्यावर वरवंटा टाकू का मी? लवकर होईल."

"त्याला मार म्हणतात. आत स्फटिक होत नाहीत त्यानं." त्यांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिले. हा पर्याय त्यांनी तपासून बाद केला होता, हे तिला त्या नजरेवरून कळले आणि ती उठून आत गेली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहाटे घरात एक आवाज झाला. बायको धावत आली. मिलिग्रॅम पलंगाच्या कडेला बसले होते, कपाळ घामाने डवरलेले, उजवा पाय हवेत धरलेला. अंगठा लाल, गरम, टरारून फुगलेला.

"आला," ते दातांवर दात दाबून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, की लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने तो पाहिला नव्हता.

तिने डॉक्टरबाईंना बोलवायला फोन उचलला. "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "गोळी नाही, बर्फ नाही. छेडछाड होईल."

फेरपडताळणीला त्यांना चाकांच्या खुर्चीतून नेले. सभागृहात शिरताना चाक उंबऱ्यावर आपटले आणि त्यांच्या तोंडून जो सूर निघाला, त्याने रक्त काढणाऱ्याच्या हातातून कापूस पडला. लिटर त्याच वेळी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढत आला. दोन्ही पायांत बूट, चेहऱ्यावर टवटवी. दुखणे पार ओसरले होते. दोघांचे रक्त घेतले गेले आणि दुपारी निकाल लागला. मिलिग्रॅम : ६.२. लिटर : ८.४, ठळक, बाणासह.

डॉक्टरबाई साहेबांच्या दालनात जवळजवळ घुसल्याच. "साहेब, यांना उभं राहता येत नाहीये."

"उपनियंत्रकाचं काम बसून असतं."

"आणि ज्यांना ओसरलाय त्यांना तुम्ही आज आजारी ठरवताय. त्यांना औषध लागेल, ते वेगळं. पण आज ते धावू शकतात."

"रुग्णानं धावणं धोक्याचं आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून लिटरला जिन्याची बंदी केल्याचा आदेश दिला. पाट मिलिग्रॅम यांच्या टेबलाखालून काढून लिटरच्या टेबलाखाली ठेवण्यात आला. ज्याचा पाय फुगला होता त्याच्या पायाखालचा पाट काढताना शिपायाला क्षणभर घोटाळल्यासारखे झाले, पण रिपोर्ट त्याला दाखवण्यात आला.

मुलाखत सुरळीत पार पडली. प्रश्न दोनच होते आणि दोन्ही वेळा मिलिग्रॅम 'आई गं' असे म्हणाले. समितीला त्यांची उत्तरे थोडक्यात आणि तळमळीची वाटली. संध्याकाळी चार माणसांनी त्यांना उचलून तळमजल्यावरच्या खोलीत नेले आणि हातांच्या खुर्चीत ठेवले. आतली कडी लावायला ते उठू शकत नव्हते, म्हणून बाहेरूनच लावून घेतली.

डॉक्टरबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. आधी ही सूज उतरवू, म्हणाल्या. मग काही दिवसांनी, आता तुम्हाला खरोखर गाऊट झाला आहे म्हणून, रोजचे औषध सुरू करू. आकडा हळूहळू खाली येईल आणि तिथे राहील. पुन्हा असे होण्याची भीती कमी होत जाईल.

"सुजेचं द्या," मिलिग्रॅम म्हणाले. "उद्या द्या, आदेशावर सही झाली की. रोजचं नको."

"का?"

"पडताळणी दरवर्षी आहे."

बायको खिडकीपाशी उभी होती. "म्हणजे दरवर्षी हे?"

"साधारण एकदाच," ते म्हणाले. "लग्नसराई बघून ठरवू."

वर्षभरात कार्यालयाचे वळण बदलले. ज्यांना वर जायचे होते ते आधी जरा लंगडू लागले. मग मनापासून लंगडू लागले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाने पाय उचलून धरला असेल, तर आत लवकर घेत. जिन्यावरून ताठ चालत येणाऱ्या तरुणांकडे साहेब संशयाने बघत आणि शेजाऱ्याला विचारत, याचा आकडा किती आहे हो? लिटर रुग्ण म्हणून घरी बसला. तो रोज चालायला जातो, पाणी पितो, डॉक्टरबाईंचे औषध नियमाने घेतो, आणि त्याच्या अंगठ्याला परत काही झालेले नाही. पण ते सांगायला त्याला कुणी बोलावत नाही.

तर शेवटचा जमाखर्च. साहेबांना निकष मिळाला, फुकटात. कार्यालयाला उपनियंत्रक मिळाला. मिलिग्रॅम यांना खोली मिळाली, आणि तिची किंमत त्यांच्या उजव्या अंगठ्याने भरली. त्याचे मत कुणी घेतले नव्हते. बायकोने झोप भरली. आणि तुम्ही हे वाचताना मघापासून तुमच्या रिपोर्टांची जी फाईल शोधताय, तिच्यातला तुमचा स्वतःचा आकडा तुम्हाला दशांशासकट पाठ आहे. कारण मागच्या खेपेला डॉक्टरांनी 'काय होतंय तुम्हाला?' असे विचारले, तेव्हा तुम्हीही तोंड न उघडता कागदच पुढे केला होता.